कार्डाची शिट्टी

"आवाज नाही," मी म्हणाले आणि स्क्रू-ड्रायव्हर कानापासून बाजूला केला.

दुकानाच्या टेबलावर बुगडांचा कॉम्प्युटर उघडा पडला होता. टेबलापलीकडे तिघं उभी होती. यमुनाअक्का बुगड, तिचा मुलगा निशांत आणि आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या घरात आलेली सून, केतकी. माझं वाक्य ऐकून अक्कानं डोळे मिटले. निशांत फरशीकडे बघत राहिला. केतकी माझ्याकडे बघत होती, निकालाच्या यादीत आपला नंबरच नसावा तशी.

"परत एकदा बघता का काकू?"

"दोनदा बघितलं की."

"आत्ताही वाजतंय."

"पंखे वाजतायत बाळ. कार्डाचे दोन आणि पॉवर सप्लायचा एक. धूळ बसलीय, म्हणून घरघरतायत."

"पंखा नाही. पंख्याच्या वरचं. बारीक. काचेवर सुई ओढत राहावी तसं."

मी पुन्हा स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पडद्यावरची चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या पत्र्याला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. ही माझी पद्धत. इचलकरंजीत मला कानाची बाई म्हणायचे, आणि मला ते आवडायचं. माझे वडील मागांवर जॉबर होते, माग दुरुस्त करायचे. शंभर माग धडधडत असताना कुठल्या मागाचा कुठला भाग निसटायला आलाय, ते दारातून सांगायचे. मी बारा वर्षं त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरल्या, आणि नंतर कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकले ते पुस्तकातून कमी, कानातून जास्त. हार्ड डिस्क मरायच्या आधी कशी टकटकते, पंख्याचं बेअरिंग कसं रडतं, सगळं पाठ होतं. लोक बोर्डाचा धूर निघेपर्यंत थांबतात, मी त्याच्या आधीच सांगायचे.

मी कार्डावर सगळ्यात जड टेस्ट लावली. पडद्यावर रंगीत गोळे गरगरायला लागले. त्याच क्षणी केतकीचा हात कानाकडे गेला. तो मी बघितला. मनात म्हटलं, घाबरलीय पोर.

"नाही," मी म्हणाले. "कार्ड ठणठणीत आहे."

"ऐकलंस?" अक्का निशांतला म्हणाली. आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, उलट बसका होता. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तीन महिने चाललंय शैला. ह्यानं काम सुरू केलं की ही खोलीतनं उठती. भर उन्हात गच्चीवर जाऊन बसती. रातचं जेवत न्हाई. परवा तर हिनं वायरच ओढून काढली."

"रेंडर चालू होतं," निशांत म्हणाला. तो शर्टिंगच्या कापडाची डिझाइनं कॉम्प्युटरवर करायचा, कापड अंगावर कसं पडेल ते चित्रात दाखवायचा. "चाळीस डिझाइनांची चित्रं तयार होत होती, सगळी गेली. व्यापाऱ्यानं काम दुसरीकडं दिलं."

"मी सॉरी म्हटलंय," केतकी म्हणाली.

"सॉरीचं न्हाई गं," अक्का म्हणाली. "घरात तीन माणसं. तिघांतल्या दोघांना ऐकू येत न्हाई आणि एकटीला येतंय, तर आम्ही काय समजायचं?" ती माझ्याकडे वळली. "उद्या धा वाजता हिचे वडील येणार आजऱ्यास्नं. मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर लावलाय. तिथनं ते हिला घिऊन जातील गावाकडं."

"किती दिवस?"

"बरी होईपर्यंत. म्हटलं, आधी मशीनची खात्री करू. शैला म्हणंल ते खरं."

शैलानं, म्हणजे मी, तर आधीच सांगितलं होतं. आणि ती तिघं गेली. धूळ काढायला कॉम्प्युटर माझ्याकडेच राहिला.

तासाभरानं केतकी एकटीच परत आली. ओढणी डोक्यावरून घट्ट गुंडाळलेली, हातात बामची बाटली.

"मेडिकलला जाते म्हणून आलेय," ती म्हणाली. "एकच विचारायचंय. तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, नाही म्हणा म्हणून?"

"मला कोण सांगणार?"

"अक्का. किंवा हे."

"मला सांगून मी ऐकते असं तुला कुणी सांगितलं?"

ती हसली नाही. स्टुलावर बसली. "म्हणजे खरंच नव्हता आवाज."

"नव्हता."

"मग मीच," ती म्हणाली, आणि बामची बाटली एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिली. "अक्का म्हणतात म्हणून मला मिरजेला जायचं नव्हतं काकू. हे म्हणतात म्हणूनही नाही. रोज मनात म्हणायचे, कुणीतरी मशीनमधलं जाणतं माणूस बघू दे. आता तुम्ही बघितलंय. तर जाते मी उद्या. डॉक्टरांना खरं काय ते सांगते. म्हणजे, मला भास होतात असं."

तेवीस वर्षांची मुलगी. वाटलं, हिला असं अर्धवट मनानं पाठवण्यापेक्षा एकदा पुरतं पटवून द्यावं. आपल्या डोळ्यांनी बघेल, मग औषधही मनापासून घेईल. माझा हेतू चांगला होता, हे आज सांगताना माझं मलाच विचित्र वाटतं.

"इकडे ये," मी म्हटलं. "भिंतीकडे तोंड करून बस. मी कार्डावरचा ताण कमी-जास्त करणार. तू बघायचं नाहीस. आवाज आला की आहे म्हण, थांबला की नाही म्हण. मी लिहून ठेवते. शेवटी दोघी मिळून बघू."

सोय साधी होती. टेस्ट मोकळी सोडली की कार्ड सेकंदाला हजारभर चित्रं काढायचं, आणि एक बटण दाबलं की तीसच काढायचं. मी एका खोक्याचा पुठ्ठा घेतला, दोन रकाने पाडले. एकात मी काय केलं ते, दुसऱ्यात ती काय म्हणाली ते.

मी बटण दाबलं.

"नाही," केतकी म्हणाली.

मी मोकळं सोडलं.

"आहे."

दाबलं. "नाही." सोडलं. "आहे."

योगायोग, मी म्हटलं. चार वेळा नाणं उडवलं तरी बरोबर येतं कधी कधी. मग मला वाटलं, बटणाच्या आवाजावरून ओळखत असेल. म्हणून मी नुसतंच बटणांवर बोट आपटलं, बदललं काहीच नाही.

"काय केलं तुम्ही?" ती म्हणाली. "काहीच नाही झालं. अजून आहेच."

मी पंखे पूर्ण वेगात सोडले आणि चित्रं तीसवर बांधली. दुकानात वारं सुटल्यासारखा आवाज झाला.

"पंखे वाढवलेत," ती म्हणाली. "शिट्टी नाहीये."

मी चित्रं शंभरवर नेली.

"आली. पण खालच्या सुरात आहे."

पाचशे.

"चढली."

वीस वेळा झालं. पुठ्ठ्यावरचे दोन्ही रकाने सारखे होते. मी तिसऱ्यांदा बोट फिरवून बघितलं. सारखेच.

"काकू, झालं का?" ती भिंतीकडूनच म्हणाली. "आत्ता फार वाईट वाजतंय. बंद करता का?"

शेवटची टेस्ट मी मोकळीच ठेवली होती. कार्ड माझ्या डाव्या कानापासून वीतभर होतं. मी कान टेकवला. पंखा. नुसता पंखा.

या गोष्टीला सात वर्षं झाली, पण ती वीत मला अजून मोजता येते.

कार्ड का वाजतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. कार्डावर करड्या रंगाच्या छोट्या चौकोनी वड्या असतात, त्यांच्या आत तांब्याची तार गुंडाळलेली. कॉइल. वीज त्यांतून सरळ जात नाही, झटक्या-झटक्यानं जाते, आणि प्रत्येक झटक्याला तार अंग चोरते. झटके कानाला कळतील इतके पडले की थरथरीची शिट्टी होते. तार सैल गुंडाळली असेल, आतला गोंद वाळला असेल, पॉवर सप्लायचं आणि कार्डाचं पटत नसेल, नाही तर कार्ड उगाच हजारो चित्रं काढत बसलं असेल, कारणं चार-पाच निघतात. कार्ड बिघडत नाही, माणूस वैतागतो. हे मी वाचलेलं होतं. गिऱ्हाइकांना रुबाबात समजावलंही होतं. फक्त अशी तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला शेवटी सांगितलं होतं, तुमच्या कार्डात तसं काही नाही. इंजिनिअरिंगचा एक मुलगा जयसिंगपूरहून दोनदा आला होता. दुसऱ्यांदा मी त्याला म्हटलं, कान साफ कर जा. तो हसला होता. मीही.

स्पीकर तपासायला मोबाइलवर मी एक ॲप ठेवलं होतं. आवाज किती बारीक, किती जाड, ते रेघांनी दाखवायचं. मोबाइल कार्डासमोर धरला. सात हजाराच्या आकड्यावर एक हिरवी रेघ ताठ उभी राहिली. बटण दाबलं, रेघ पडली. सोडलं, उठली. माझ्या कानांना विचाराल तर दुकानात काहीच घडत नव्हतं.

"वळ इकडे," मी म्हटलं. केतकीनं बघितलं. मी तिला रेघ दाखवली, पुठ्ठा दाखवला.

"मग तुम्ही मघाशी नाही का म्हणालात?"

"मला येत नाही ऐकू."

"आत्ता?"

"आत्ता. मघाशी. कदाचित वीस वर्षं."

मी निशांतला फोन केला. तो अक्काला स्कूटरवर घेऊनच आला. आल्या आल्या त्याला मी पुठ्ठा दिला. त्यानं तो वाचला, मग खाली वाकून कार्डाला कान लावला.

"मला नाही येत."

"मलाही नाही. तू लहानपणी झोपायचास कुठं?"

"घरात. वरच्या खोलीत."

"आणि खाली?"

तो सरळ झाला. खाली बुगडांची शेड. बारा माग, दिवसरात्र. दोन वर्षांपूर्वी भंगारात गेले, तोवर कधी थांबले नाहीत. सुट्टीत तो स्वतःही मागावर उभा राहायचा.

"आणि केतकी?" मी विचारलं.

"आजऱ्याजवळच्या खेड्यात," तो सावकाश म्हणाला. "त्यांच्या गावात एसटी आली तरी सगळी बाहेर येऊन बघतात."

केतकीनं मान खाली घातली. बहुतेक हसू लपवायला. तीन महिन्यांत पहिलं असावं.

"म्हंजे माझे कान गेले म्हणतीस?" अक्का मध्येच म्हणाली. "तू बोलतीस ते सगळं ऐकाय येतंय मला."

"सगळं जात नाही अक्का. मागांच्या धडधडीत वरचं बारीक तेवढं जातं. आणि गेलं हे कळतही नाही."

"सकाळी एक म्हणालीस, आता दुसरं."

"सकाळी चुकले."

"मग आता चुकत न्हाईस कशावरनं?"

मी मोबाइल पुढे केला. रेघ दाखवली, पाडून दाखवली, उठवून दाखवली. अक्कानं बघितलं आणि माझा दंड धरून मला दुकानाच्या पायरीवर बाहेर आणलं.

"शैला, हे कुणाला बोलले न्हाई आजवर. माझी धाकटी बहीण होती, बेबी. सोळा वर्साची. तिलाबी आवाज यायचे. भिंतीत कोणतरी बोलतंय म्हणायची. मी तिच्यापेक्षा चार वर्सांनी मोठी. मी म्हटलं, असंल, आपण कशाला तिला खोटं पाडायचं. आईला सांगितलं न्हाई. तिच्याबरोबर मीबी भिंतीला कान लावायची. तेवढंच तिला बरं वाटायचं. एक दिवस तिनं हिरीत जीव दिला."

रस्त्यावरून सुताची बाचकी लादलेला टेम्पो गेला. तो जाईपर्यंत ती थांबली.

"एकदा ऐकून घेतलंय मी. परत न्हाई घेणार. तुझ्या मोबाइलातली रेघ बघून पोरीला घरात ठिऊन घिऊ, आणि काय झालं तर? तू येणार हायस उत्तर द्यायला?"

सकाळी माझ्या एका शब्दावर तिनं विश्वास ठेवला होता. दुपारी त्याच तोंडानं मी दुसरा शब्द मागत होते.

"उद्या मिरजेला जाणार," ती म्हणाली. "ठरलंय ते ठरलंय."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मीच कॉम्प्युटर त्यांच्या घरी पोचवला. निशांतला म्हटलं, जोड आणि टेस्ट चालू ठेव, केतकीचे वडील आले की त्यांना तरी रेघ दाखवू, शिकलेलं माणूस आहे. केतकीची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. ती स्वतः स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, दोन्ही कानांत कापूस घालून उभी होती. अक्कानं पोहे केले होते, कोणी खाल्ले नव्हते.

केतकीचे वडील, देसाई गुरुजी, दहाच्या आधीच आले. साठीला टेकलेले, सडसडीत. त्यांना फोनवर एवढंच कळवलेलं होतं की केतकीला भास होतात. कॉम्प्युटरचा, शिट्टीचा काहीच विषय नव्हता. त्यांनी लेकीकडे बघितलं आणि नजर लगेच वळवली, बापाला रडू यायला लागलं की वळवतात तशी. खुर्चीवर बसले. अक्कानं पाणी दिलं.

"प्रवास बरा झाला न्हवं?" अक्का म्हणाली.

"झाला," गुरुजी म्हणाले. पाण्याचा एक घोट घेतला. एकदा खिडकीकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे. दुसरा घोट घेतला. मग तांब्या तसाच हातात धरून म्हणाले, "हे कसलं वाजतंय?"

त्यांनी पुन्हा स्वयंपाकघराकडे मान वळवली.

"आत कुकर आहे का? मघापासून बारीक चिं चाललीय."

"कुठं?" अक्का म्हणाली.

"कुठं म्हणजे?" ते उठले. मान तिरकी करून दोन पावलं इकडे गेले, दोन तिकडे, आणि टेबलापाशी येऊन कॉम्प्युटरवर हात ठेवला. "ह्यातनं. काय हो, चांगलं कानात घुसतंय. तुम्ही बसता कसे ह्याच्याजवळ?"

निशांतनं माझ्याकडे बघितलं. मी अक्काकडे. अक्काच्या तोंडाचा रंग उडाला होता. ती गुरुजींच्या हाताकडे बघत होती, तो हात जिथे टेकला होता तिथे. मला वाटलं, आता ही खाली बसते, म्हणून मी पुढे झाले. तिनं मला हातानंच थांबवलं.

"तुम्हाला नाही ऐकू येत?" गुरुजींनी विचारलं. आधी अक्काला, मग निशांतला, मग मला. खरंच नवल वाटून विचारत होते. आम्ही तिघंही शाळेतल्या पोरांसारखी गप्प उभी होतो.

उंबऱ्यात केतकीनं कानांतला कापूस काढला. एक बोळा, मग दुसरा. ती रडत होती. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. तिच्याजवळ जायचं धाडस कुणालाच होईना. तिच्या वडिलांना तर काय झालंय हेच कळत नव्हतं.

शेवटी अक्का गेली. तिच्यासमोर उभी राहिली, हात उचलला, तिच्या गालापर्यंत नेला आणि लावायचा की नाही ते न कळून तसाच ठेवला.

"अजून वाजतंय?" अक्कानं विचारलं.

केतकीनं होकारार्थी मान हलवली.

"मग बंद कर की बाई ते," अक्का म्हणाली. "कवापास्नं सोसायलीस."

केतकी टेबलाशी आली. वडिलांच्या हाताशेजारून वाकून तिनं बटण दाबलं. पडद्यावरचे गोळे गेले, पंखे एकेक करून थांबले. बाकी माझ्या कानाला काहीच फरक कळला नाही. केतकीचे खांदे मात्र हळूहळू खाली आले. इतके खाली, की ते इतके दिवस किती वर होते, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.